दुसऱ्या खंडातलं पत्र

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी टॅबिथा विथरिज दुकानातल्या संगमरवरी फळीवर बद्धकोष्ठाच्या गोळ्या वळत होती. काळाबोळ आणि साबण यांचा लगदा, त्याची सुतळीएवढी वळी, पितळी खाचांच्या पाटीवर तिचे चोवीस तुकडे. मग एकेक तुकडा बोटाखाली गोल करून ज्येष्ठमधाच्या पुडीत लोळवायचा. हार्लबी गावात हे काम तिच्याइतकं एकसारखं कुणालाच जमत नसे, औषधवाला म्हणून नाव असलेल्या तिच्या नवऱ्यालाही नाही. तो ते गिऱ्हाइकांना स्वतःहून सांगायचा.

जोनास विथरिजची पहिली बायको वारली, तेव्हा तो रोग्यांच्या घरी फेरीवर गेला की दुकानात बसायला कुणी उरलं नाही. टॅबिथा तेहतीस वर्षांची, भावाच्या घरी राहणारी. भावजय आली आणि जेवताना तिच्या ताटाकडे बघू लागली. दोघांची अडचण गावाला दिसत होती, दोघांनाही दिसत होती, आणि सन १८१४च्या जानेवारीत त्यांचं लग्न लागलं. फसवाफसवी कुणी केली नाही. चौदा महिने झाले तरी तो तिला अहो-जाहोच करायचा.

गावातल्या चौदा घरांनी मिळून कादंबऱ्या मागवायची पद्धत होती. कादंबरी तीन खंडांची. प्रत्येक खंड एका घरी सात दिवस, मग शनिवारी पुढच्या घरी. घरांची यादी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला डकवलेली असे. विथरिजांच्या खाली नाव होतं टकवेलबाईंचं. त्या वकिलाच्या विधवा, आणि त्यांच्या बैठकीत बोललेलं दिवस मावळायच्या आत गावभर व्हायचं.

त्या महिन्याची कादंबरी एका उमरावाची होती. वारशासाठी तो एका गरीब घरच्या मुलीशी कागदावर अटी लिहून लग्न करतो, आणि दुसऱ्या खंडाच्या शेवटी वादळात गाडी उलटल्यावर तिच्यासाठी गुडघाभर चिखलात उतरतो. टॅबिथाने तो खंड दोनदा वाचला. मग ब्रिस्टलच्या बहिणीला पत्र लिहायला बसली. कागद एकच, म्हणून तो भरल्यावर आडवा धरून त्याच ओळींवरून पुन्हा लिहिलं. शेवट मात्र राखून ठेवला. तिसरा खंड वाचून झाला की तो लिहायचा होता. तेवढ्यात कुणीतरी कापलेला हात घेऊन दुकानात आला आणि ती उठली.

सात पंचविसाला दाराची घंटा वाजली. टकवेलबाईंची मोलकरीण पेग टोपली घेऊन उभी होती.

"आमच्या बाईंना झोपेचं औषध हवंय. परवापासून डोळ्याला डोळा नाही."

"पाय ठणकतोय का?"

"पाय कसला! हसून हसून." पेगने ओठ दाबले, पण ते तिला दाबता येईनात. "बाकी बाई, एक विचारू? तुमच्या दुकानाच्या दाराला कडी आतून आहे की बाहेरून?"

टॅबिथाचं बोट गोळीवर होतं. गोळी चपटी झाली.

पेग गेल्यावर तिने टेबलाचा खण उघडला. त्यात पत्र नव्हतं. कापलेला हात आला तेव्हा ते तिने घाईत खंडाच्या पानांत सरकवलं होतं. खंड शनिवारी जोनासच पोचवून आला होता, फेरीवर जाताजाता, ऊन लागू नये म्हणून रुमालात गुंडाळून. आणि काल चर्चमध्ये माना मागे वळत होत्या, तेव्हा तिला वाटलं होतं, टोपीला लावलेली नवी फीत बघतायत.

काय लिहिलं होतं ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं.

'उमरावाने मागणी घातली तेव्हा त्याचा आवाज कापरा झाला होता. आमच्या ह्यांनी मला मागणी घातली ती "पोट साफ होतं का" या आवाजात. लग्नाच्या रात्री माझ्याशी हात मिळवला, मेणबत्ती दिली आणि म्हणाले, मधल्या दाराची कडी तुमच्या बाजूने आहे. चौदा महिन्यांत ती कडी मी एकदाही लावली नाही, लिडिया, आणि दार एकदाही उघडलं नाही. माझ्यासाठी चिखलात उतरायचं झालं तर हे आधी बूट काढून ठेवतील.'

बुटांचं वाक्य लिहिताना ती हसली होती. ते जोनासला लागू नव्हतं, हेही तिला तेव्हाच ठाऊक होतं. जोनास रोज चिखलातून जायचा आणि बूट स्वतः पुसायचा.

दहाला तो पाव-लोणी आणि चहा घ्यायला बसला. अकराला त्याला टकवेलबाईंच्या पायाची पट्टी बदलायला जायचं होतं. पन्नास मिनिटं तिच्या हातात होती. ती तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

"काही हवंय का?" त्याने विचारलं.

"गळ्याला काही बांधा," ती म्हणाली. "वारा आहे."

त्याने बांधलं, पिशवी उचलली आणि निघाला. पुलापर्यंत त्याची पाठ तिला काचेतून दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

तो बाराला दहा कमी असताना परत आला. टोपी खुंटीला लावली, हात धुतले, आणि आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढून गल्ल्यावर ठेवला.

"हे तुमच्या बहिणीचं."

"वाचलंत?"

"मी नाही. टकवेलबाईंनी वाचून दाखवलं. चार जणी होत्या. मी खाली बसलो होतो, त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता. पट्टी अर्धी झाली होती, सोडून उठता येत नव्हतं."

"मग?"

"पूर्ण केली."

टॅबिथाने गल्ल्याची कड धरली. मान वर करायची तिची छाती होत नव्हती.

"सकाळी मी निघालो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. पेग आल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

"होय," ती म्हणाली.

 पाटीवरची चपटी झालेली गोळी त्याने उचलून बाजूला ठेवली.

"कडी मीच बसवली होती. लग्नाच्या आधल्या आठवड्यात. तुम्हाला परक्या घरात धास्ती वाटू नये म्हणून. तुम्ही ती लावत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. टकवेलबाईंना माझ्याआधी कळलं."

तिला बोलायचं होतं, पण जे बोलायचं ते सगळं त्या कागदावर आधीच लिहून झालं होतं, आणि चुकीच्या आवाजात.

"उद्या दुसऱ्या कुणाला पाठवता नाही का येणार?" तिने विचारलं.

"कुणाला? जखम वाहतेय. रोज बदलायला हवी."

"मग मी येते. पट्टीचं दुसरं टोक धरायला. त्या चौघी बसलेल्या असोत नाहीतर चाळीस."

जोनासने बाटल्यांच्या फडताळाला किल्ली लावली.

"कापड फाडून ठेवा," तो म्हणाला. "तीन बोटं रुंद. सहा पट्ट्या लागतात."

तिने जुनी चादर काढली आणि फाडायला घेतली. टकवेलबाईंच्या पायाची पट्टी रोज सकाळी अकराला बदलतात. उद्या मंगळवार, उद्याही अकरालाच.