साहेबासमोरची खुर्ची

साहेबापुढं बसायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही, हा ठराव सोलापूरच्या इंजिन शेडमध्ये मीच मांडला होता. चांगल्या टाळ्याबिळ्या घेऊन. एका फायरमनला साहेबानं कामावरून काढलं होतं. कुर्डुवाडीहून उपाशीतापाशी कोळसा ओढत आलेला गडी लगेच दुसऱ्या गाडीवर जायला नाही म्हणाला, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला परत घेईपर्यंत एकही इंजिन बाहेर काढायचं नाही, असं शेडनं ठरवलं. बोलणी करायला आम्ही चौघं निघालो: थोरले ड्रायव्हर, एक फिटर, एक सांधे बदलणारा पॉइंट्समन आणि इंग्रजी येतं म्हणून मी, तारबाबू.

साहेबाच्या खोलीत खुर्ची एकच मांडलेली. साहेब म्हणाला, "सिट डाउन, बाबू." आणि मी बसलो. विचारबिचार काही नाही; इंग्रजीत कुणी काही सांगितलं की आधी करायचं आणि अर्थ मागाहून लावायचा, ही माझी शाळेपासूनची सवय. वर "थँक यू, सर" म्हणालो. ते तर कुणी सांगितलंही नव्हतं.

साहेब खूश. रेल्वेच्या क्वार्टरसाठीचा माझा अर्ज त्याच्याचकडे पडून होता. सगळ्यांना कळावं म्हणून मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "बाबू लोग समझदार है. बाबू का क्वार्टर का बात हम देखेगा. फायरमन का बात खतम."

मला उठायचं होतं. पण आता उठलो तर आणखी हसं होईल, म्हणून तसाच चिकटून राहिलो. तेवढ्यात खांद्यावर ड्रायव्हरचा पंजा पडला.

"सायब, बाबूचा गुडघा लई दुखतोय. मीच म्हनलं, जागा दिसली की बस. पन आमचं चौघांचं बोलनं एकच हाय. फायरमन आदी कामावर, मग बाकीचं. व्हय की न्हाय, बाबू?"

"व्हय," मी म्हणालो. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेला तेवढाच कामाचा शब्द.

लंगडत बाहेर पडलो. पायऱ्यांवर मागून पॉइंट्समन हळूच म्हणाला, "बाबू, डावा का उजवा ते ठरवा की आदी. दोनी पायांनी लंगडताय."

एवढंच. शेडात माझ्या बसण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मीही चार सबबी सांगितल्या असत्या. वाटेत त्या जुळवूनही ठेवल्या होत्या. इंजिनं जागची हलली नाहीत, आणि अखेर साहेबाला फायरमनला परत घ्यावं लागलं.

परत घेतलं त्याच संध्याकाळी फायरमन बायकोला घेऊन माझ्या खोलीवर आला. आत काय घडलं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, गुडघ्याचं तेवढं कानावर घातलं होतं. "माझ्यापायी दुखत्या गुडघ्यानं गेलासा, बाबू," म्हणाला. बाईनं निरगुडीचा पाला आणला होता. माझ्याच चुलीवर तवा ठेवून तिनं तो गरम केला. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यानं माझं धोतर गुडघ्यावर सारून पाला बांधायला घेतलाही होता. पाला चांगला कढत होता. मी हूं की चूं केलं नाही.

"आराम पडला का?" त्यानं विचारलं.

"पडला," मी म्हणालो.