हाय म्हणजे आहे

'धर्मा म्हात्रे यांच्या निधनाने कंपनी परिवारात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.' महिन्यापूर्वी रोह्याच्या आमच्या रसायन कारखान्यात, गेटजवळच्या फलकावर ही सूचना लागली आणि धर्माभाऊ गेल्याचं मला त्यावरूनच कळलं. सूचनेत खोटं काही नव्हतं. फक्त ही पोकळी निर्माण करायला कंपनीने त्यांच्या मरणाची वाट पाहिली नव्हती. दीड वर्षापूर्वीच त्यांचं स्टोअरकीपरचं पद रद्द करून तिने ते काम उरकून घेतलं होतं.

धर्माभाऊ पेणच्या खाडीकाठचे. वडील मिठागरात राबले, हे कारखान्याच्या स्टोअरमध्ये. मी प्रयोगशाळेत होतो आणि पेणहून कंपनीच्या बसने आम्ही वर्षानुवर्षं शेजारी बसून यायचो. स्टोअरच्या खिडकीत जाऊन कुठलीही वस्तू मागा, ते मागे वळूनही न पाहता 'हाय' किंवा 'नाय' म्हणायचे. बोलणं तिथे संपायचं. त्यांनी हाय म्हटलेली वस्तू नव्हती, किंवा नाय म्हटलेली निघाली, असं माझ्या नोकरीत एकदाही झालं नाही. माझ्या प्रयोगशाळेतल्या एकाही उपकरणाबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

सत्त्याण्णव साली आमच्या मुंबईच्या मॅनेजिंग डायरेक्टरांना कळलं की प्रतिस्पर्धी कंपनीने ईआरपी घेतलंय. खरेदी, उत्पादन, स्टोअर, विक्री, सगळं एकाच संगणक प्रणालीत. आपल्याला त्याची गरज आहे का, हा प्रश्न त्याच क्षणी निकालात निघाला. निवडीसाठी सात जणांची समिती नेमली. विज्ञानाचा पदवीधर असावा म्हणून तीत मी होतो. तीन कंपन्या आपापला माल दाखवायला आल्या. पहिलीने आमचं काम कसं चालतं ते विचारलं, म्हणजे तिला काही माहीत नव्हतं. दुसरी म्हणाली दीड वर्ष लागेल, म्हणजे तिच्यात आत्मविश्वास नव्हता. तिसरीने पडद्यावर रंगीत बाण दाखवले, सगळे वर जाणारे, आणि आपण आजवर सगळंच चुकीचं करत आलो आहोत असं साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेब भारावून गेले. सातही हात वर झाले. त्यातला एक माझा होता. स्टोअरवाल्याला बोलवावं, हे कोणालाच सुचलं नाही.

मे महिन्यात सल्लागार आले. रोह्याच्या उकाड्यात टाय बांधून फिरणारी माणसं आमच्या कामगारांनी प्रथमच पाहिली. स्टोअरच्या वाट्याला मद्रासकडचा एक सज्जन तरुण आला. त्याला मराठी येत नव्हती आणि हिंदीही. तो यादीतलं इंग्रजी नाव वाचायचा, धर्माभाऊ फळीकडे नजर टाकून उत्तर द्यायचे. त्याच्या कागदावर साठ्याचे चार रकाने होते, हाय, मीडियम, लो आणि निल. धर्माभाऊ 'हाय' म्हणाले की तो साठा भरपूर असल्याची खूण करायचा. 'नाय' म्हणाले की निलवर करायचा, आणि ते योगायोगाने बरोबर असायचं. दोन दिवसांत सगळं स्टोअर उरकलं. मधले दोन रकाने शेवटपर्यंत कोरे राहिले, पण त्याचं कोणालाही नवल वाटलं नाही. उलट, स्टोअरचं चित्र अतिशय स्पष्ट आहे, असा शेरा समितीच्या अहवालात आला. त्या अहवालावर माझीही सही आहे.

"पोरगा चांगला हाय," धर्माभाऊ बसमध्ये म्हणाले होते. "एक सबूद उलट इचारला नाय."

नग नंतर मोजायचे होते, पण दसऱ्याचा मुहूर्त ठरला होता. तेव्हा जिथे 'हाय' तिथे प्रणालीने वर्षभराचा साठा धरून घेतला. सर्व्हरच्या वातानुकूलित खोलीत हमरापूरहून आणलेली गणेशमूर्ती बसवली, नारळ मात्र यंत्राला पाणी चालत नाही म्हणून बाहेर फोडला. माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहण्याचे दिवस आजपासून संपले, असं साहेब म्हणाले. धर्माभाऊंनी पेढा घेतला आणि ते खिडकीत जाऊन बसले.

पुढच्या पावसाळ्यात मुख्य पंप गळू लागला. गळती थांबवायला दोरीसारखी एक पॅकिंग लागते. सल्लागाराने यादी वाचली त्या दिवशी तिचं एक वेटोळं फळीवर होतं, म्हणून धर्माभाऊ 'हाय' म्हणाले होते. ते केव्हाच संपलं होतं. त्यांनी खरेदी खात्याला दोनदा चिठ्ठी पाठवली होती, आणि चिठ्ठ्या बंद झाल्यात, प्रणालीत साठा भरपूर आहे, असं सांगून ती दोनदा परत आली होती. "कंप्युटरात हाय ना साहेब? मंग तिथनंच काढा," ते प्रॉडक्शन मॅनेजरला म्हणाले. नागोठण्याला रस्ता पाण्याखाली होता, मुंबईहून माल येईना. कारखाना चार दिवस उभा राहिला.

एवढ्या महागड्या प्रणालीची चूक असणं शक्य नव्हतं. धर्माभाऊंकडे खुलासा मागितला. त्यांनी तो स्वतःच्या अक्षरात, एका ओळीत दिला, 'मी हाय बोललो, कारण हाय होतं.' दोन्ही हाय मराठीत सारखेच लिहितात. एचआरने त्याचा इंग्रजी तरजुमा मुंबईला पाठवला आणि मुंबईने तो कबुलीजबाब म्हणून दाखल करून घेतला. पद रद्द झालं. धर्माभाऊंना गेटवरच्या वजनकाट्यावर ट्रकचे नंबर लिहायला बसवलं.

स्टोअरमधून काढलेल्या माणसाबद्दल गावात एकच अर्थ निघतो. एका लग्नात मेहुण्याने त्यांना चारचौघांत विचारलं, "काय भावोजी, काय काय आनलात घरी?" सगळे हसले. हे मला त्यांनीच बसमध्ये सांगितलं, आणि मग म्हणाले,

"साहेब, तुमी कमिटीत होतात. येक लाइन लिवा. हाय म्हंजे आहे. तुमच्या हातचं वाचतील ते."

"बघू," मी म्हणालो.

ती ओळ लिहिणं म्हणजे आम्ही सात शहाण्यांनी काय केलं ते लिहिणं होतं. मी लिहिली नाही. नंतर मी बसमध्ये पुढच्या सीटवर बसू लागलो. मागे धक्के फार बसतात, असं मी लोकांना सांगत असे.

धर्माभाऊंच्या दहाव्यानंतर मी त्यांच्या घरी जाऊन आलो. वहिनींनी चहा ठेवला आणि मी कप खाली ठेवेपर्यंत थांबून विचारलं, "भाऊ, ते तर गेले. पन त्यांनी चोरलं काय होतं, येवढं सांगा."

"काही नाही, वहिनी."

"मंग कागदावर लिवा तसं."

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं. हाय म्हणजे आहे, हाय म्हणजे भरपूर नव्हे, खाली सही. एचआरच्या अधिकाऱ्याने शांतपणे वाचलं. माणूस वाईट नाही. त्याने माझ्यासमोर ते प्रणालीत चढवायचा दोनदा प्रयत्न केला आणि मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. कर्मचाऱ्याचा खुलासा त्याच्याच नावाने चढतो, दुसऱ्याचा प्रणाली घेत नाही. धर्माभाऊंच्या नावापुढे 'कबुली प्राप्त, कारण प्रलंबित' असं होतं, आणि प्रकरण प्रलंबित असलेल्याचं नाव प्रणाली बंदही करू देत नाही. म्हणून तो कागद मी परत घेतला आणि इथे छापायला दिला.

या महिन्याच्या एक तारखेला प्रिंटरमधून त्यांच्या नावाचं स्मरणपत्र निघालं. साठा जास्त सांगण्यामागचं कारण लेखी कळवायला त्यांना सात दिवसांची मुदत दिली आहे.