वहिनीची सुट्टी

आमची वहिनी सुट्टीवर निघायची ती फाटकापर्यंत, आणि तिथूनच परत यायची. एकदा छत्री विसरली म्हणून, एकदा दादाला ठसका लागल्यासारखं वाटलं म्हणून. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणाला खिळला तेव्हापासून तिने घराबाहेर एकही रात्र काढली नव्हती. शिलाई मशीनसुद्धा त्याच्या खाटेपाशी ओढून घेतलं होतं. एक डोळा कापडावर, दुसरा नवऱ्यावर. गेल्या महिन्यात शिवता शिवता तिला डुलकी लागली आणि मशीनची सुई बोटात घुसली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

मी जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली. दारात लोंबकळणाऱ्याला एकतर आत घ्यायचं नाहीतर खाली उतरवायचं, मधलं काही नाही. या वेळी मीच तिची पिशवी उचलली, तिच्या मैत्रिणीच्या गावी जाणाऱ्या गाडीत तिला बसवलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखालून हलले नाही.

"वन्सं, भरवताना घाई करू नका हं. आणि नाहीच जेवले, तर मी लगेच..."

"चार दिवस मला तोंड दाखवू नकोस," मी म्हणाले.

घरी आले आणि पहिल्याच जेवणाला दादाने माझी जिरवली. मऊ भाताचा चमचा ओठांशी नेला की दात घट्ट. झटक्यानंतर त्याच्या तोंडी एकच शब्द शाबूत राहिला होता, "नको", आणि तो त्याने मनसोक्त वापरला. मी गोड बोलले, मग ओरडले. लहानपणीही हा असाच हेकट होता. संध्याकाळी पुन्हा ताट घेऊन बसले, तोच फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकला.

"जेवले का हो?"

मला खोटं बोलता येत नाही. आलं असतं, तर नोकरीत बरीच वर चढले असते. "सकाळपासून काही नाही," म्हणाले.

"मी निघतेच."

"नको!" दादा असा ओरडला की मीच दचकले. धडधाकट डाव्या हाताने त्याने ताट ओढलं, चमचा मुठीत पकडला आणि भात तोंडाकडे नेला. अर्धा चादरीवर, थोडा हनुवटीवर, उरलेला तोंडात. मग दुसरा चमचा. घामाघूम झाला, पण थांबला नाही.

"जेवतोय," मी सांगितलं.

"कोण भरवतंय?"

"कुणी नाही. स्वतःच्या हाताने."

वहिनीने निघायचं नाव पुन्हा काढलं नाही. तिने त्याच्या हाती चमचा कधी दिलाच नव्हता. सांडलं की चादर धुवायची, चादर धुतली की शिवण राहायचं. ती दिवसभर एकटी, ती तरी काय करणार? मी चार दिवस चादरी धुतल्या आणि मला दादाचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

वहिनी परतली तेव्हा झोप झाल्याने तिचा चेहरा उजळला होता. दादा जेवत होता. पिशवी खाली न ठेवताच सवयीने तिचा हात चमच्याकडे गेला. त्याने तो हळूच बाजूला सारला. वहिनीचे डोळे भरून आले.

"मग आता मी काय करायचं, वन्सं?"

ती कायम त्याच्यानंतर, ओट्याशी उभ्याने, गार झालेलं जेवायची. मी दुसरं ताट वाढलं आणि खाटेशेजारी खुर्ची सरकवली.

"बस आणि जेव. गरम आहे तोवर."

ती बसली. दादा भरला चमचा हातात धरून थांबला होता. तिने पहिला घास घेतला, तेव्हा कुठे त्याने आपला घेतला.