माझी चोरओटी

आमच्या वडगावच्या गल्लीत कुणी हळू बोलत नाही. बहुतेक घरांत पुढच्या खोलीत यंत्रमाग आहेत. सकाळी ते सुरू झाले की शेजारणीकडे वाटीभर साखर मागायची असली तरी भांडण काढल्यासारखं ओरडावं लागतं. निपाणीहून लग्न होऊन मी इथे आले तेव्हा माझं बोलणं कुणाच्या कानापर्यंत पोचायचंच नाही. पुढे एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली. तिथे शांतता राखण्याबद्दलच पगार मिळतो, त्यामुळे आवाज वाढवायचा राहून गेला. सासरे तेवढे मी दारात आले की माग बंद करायचे आणि म्हणायचे, "हं, बोल." त्यांना सगळे आप्पा म्हणत. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो.

आप्पा गेले आणि माझं ऐकायला माग बंद करणारं माणूस गेलं. शेवटच्या दिवसांत आत्ती उशाशी बसून एकच विचारत असत, "मला सोडून कुठं चाललायसा?" आणि आप्पा म्हणत, "कुठं न्हाय. हितंच हाय मी." हे त्यांनी धीर द्यायला म्हटलं असणार. आत्तींनी ते वचन म्हणून घेतलं. अंत्यविधीला त्या रडल्या नाहीत. दहाव्याला नाहीत, तेराव्याला नाहीत. फक्त जेवायच्या थांबल्या. ताटात भाकरी मोडून ठेवायच्या आणि भिंतीकडे बघत बसायच्या.

त्याच सुमाराला माझी पाळी थांबली. वय सदतीस.

मला ल्युपस आहे. शरीराची राखण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते, असा हा आजार. आमच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं, "गुरख्यानं चोर सोडून घरमालकालाच बडवावं, तसं." या गुरख्याने माझे सांधे बडवले, मूत्रपिंड बडवलं, गालांवर कायमचा लाल पट्टा उमटवला. उन्हात जायचं नाही, म्हणून मी बारा महिने छत्री घेऊन फिरते आणि बसमधले अनोळखी लोक मला पावसाचा अंदाज विचारतात. मूल हवं होतं. पण दर वर्षी सांगण्यात येई, आजार शांत होऊ दे, मग बघू. आम्ही वाट बघितली. त्या वर्षी रिपोर्ट आले आणि डॉक्टर हसून म्हणाल्या, आजार शांत आहे. मग दुसरा कागद उलटून त्या हसायच्या थांबल्या. अंडाशयानेही दुकान बंद केलं होतं. आजारामुळे असेल, आधी घेतलेल्या जड औषधांमुळे असेल, नक्की सांगता येत नाही म्हणाल्या. अशा वेळी देतात त्या हार्मोनच्या गोळ्याही मला सरसकट देता येत नाहीत, रक्तात गुठळ्या होण्याची भीती. तेव्हा कॅल्शियम घ्या, हाडं जपा, सुती कपडे घाला, आणि वाफा येतील तेव्हा गार पाणी प्या.

वाफा म्हणजे काय ते त्याच आठवड्यात कळलं. ग्रंथालयात एका प्राध्यापकांना पुस्तक देताना छातीतून काहीतरी उकळत वर आलं आणि माझा चेहरा असा पेटला की त्यांनी पुस्तकाचं नाव पुन्हा वाचून बघितलं.

हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं. तो उद्यमबागेत एका फाउंड्रीत आहे. दिवसभर तापलेल्या लोखंडाजवळ उभा राहणारा माणूस, माझ्या वाफांचं त्याला फार काही वाटलं नाही. पण मुलाचं ऐकून तो जेवता जेवता थांबला, उठून घरामागच्या परड्यात गेला आणि तिथल्या मोकळ्या बादल्या बराच वेळ धूत राहिला. आईला सांगायचं कुणी, यावर आम्ही दोघांनीही काही ठरवलं नाही. घरात दुःख होतं. त्यात हे आणखी कशाला.

पण आत्ती जेवत नव्हत्या तरी बघत होत्या. आमच्या घरात पाळीचा विटाळ फारसा धरत नाहीत, फक्त चार दिवस मागाच्या कामाला हात लावायचा नाही, एवढं आहे. संध्याकाळी कॉलेजातून आले की मी कांड्या भरते, म्हणजे आडव्या धाग्याच्या छोट्या रिळी गुंडाळते. बोटं दुखतात, पण त्या कामात बोलावं लागत नाही. एक महिना झाला, दोन झाले, तीन झाले, माझं कांड्या भरणं एक दिवसही चुकलं नाही. आत्तींनी त्यावरून हिशेब मांडला. हिशेब बिनचूक होता, उत्तर चुकलं.

बाकीचे पुरावे माझ्या शरीराने आपणहून पुरवले. ल्युपससाठीच्या स्टेरॉइडने चेहरा पुरीसारखा फुगला होता, गल्ली म्हणाली तेज आलंय. पोट सुटलं होतं. सकाळी गोळ्यांनी मळमळायचं. पुन्हा त्याच गोळ्यांनी भूक अशी लागायची की अंबाड्याची भाजी आणि तीन भाकऱ्या खाऊन मी दाण्याच्या चटणीचा डबा शोधायची. भर थंडीत घामाघूम होऊन खिडकी उघडायची. "मुलगा हाय," समोरच्या घरातली म्हातारी आत्तींना ओरडून म्हणाली. "एवढी आग पोरग्याचीच असतीय." मागाच्या आवाजात ते मला ऐकू जात नाही असा त्यांचा समज होता. मागाच्या आवाजात एक मीच ऐकू जात नाही, मला सगळं ऐकू येतं.

आणि आत्ती जेवायला लागल्या.

एक दिवस सकाळी बघते तर त्या मागावर बसलेल्या. आप्पांचा माग, जो ते गेल्यापासून झाकून ठेवला होता. हिरवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवलेला. मी विचारलं, कुणाची ऑर्डर? तर नुसत्या हसल्या. चार महिन्यांनी हसल्या होत्या. तुझ्या सासऱ्यांनी शब्द पाळला, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण त्या अगदी तशा हसल्या. मग मला कळलं. आप्पा कुठे गेले नव्हते. आप्पा माझ्या पोटात होते.

आता सांगायला हवं, असं मी त्याच दिवशी ठरवलं. पण सांगणार काय? "मी गरोदर नाही" हे म्हणायला आधी कुणीतरी "तू गरोदर आहेस" म्हणायला हवं. ते कुणी म्हणत नव्हतं. आमच्याकडे पहिल्या महिन्यांत तो शब्द तोंडातून काढत नाहीत, दृष्ट लागते. सगळं गुपचूप. तशात वर्ष दुखवट्याचं, घरात शुभकार्य नाही, म्हणजे गुपचुपीत आणखी गुपचूप.

नवऱ्याला म्हटलं, "तुमची आई आहे, तुम्ही सांगा."

"मी? बायकांच्यातलं मी काय सांगू?"

"मग चालू दे म्हणता?"

तो खूप विचार करून म्हणाला, "ऱ्हाऊ दे. नवव्या म्हैन्यात काय आलं न्हाय की तिचं तिला कळंल."

आणि मग एका शुक्रवारी माझी चोरओटी झाली. चोरून भरायची म्हणून चोरओटी. घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, जिची भरायची तिलाही आधी सांगायचं नाही. मी कॉलेजातून आले तर मधल्या खोलीत पाट, समई आणि इतक्या बायका बसलेल्या की गुपित राखायला जागा उरली नव्हती. आत्ती विधवा, त्यांना ओटी भरता येत नाही. त्या दाराआड उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. ओटी भरायला दोन घरं पलीकडची आक्का होती.

"बस पाटावर," आक्का म्हणाली.

"कशाला?"

"कशाला म्हणून इचारायचं नसतंय गं."

"आक्का, पण तसं काही ना—"

तिने माझ्या तोंडात साखर कोंबली. मी गिळून पुन्हा तोंड उघडलं, तिने पेढा घातला. गोड मला जपून खायला सांगितलेलं आहे, पण सत्य बोलायचा प्रत्येक प्रयत्न गोड होत होता. पदरात तांदूळ पडले, नारळ पडला, हिरवा खण पडला. एका कोपऱ्यातली कानडी शेजारीण मान हलवत तब्येतीचं विचारू लागली, "आराम अदीरी?" मी म्हटलं, "आराम री." दुसरं काय म्हणणार? तेवढ्यात वाफ आली. कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलं आणि बायकांनी एकमेकींकडे बघून असा सुस्कारा सोडला, जणू पोटातून कुणी हाक दिली.

दाराआडून आत्ती म्हणाल्या, "नारळ नीट धर गं. हलतोय." त्यांचा आवाज मऊ होता. नव्या बाळाच्या घरात बोलतात तसा. मी नारळ नीट धरला.

पुढे रोज डबे यायला लागले. एकीकडून कैरीचं लोणचं, दुसरीकडून शेंगांची पोळी. आत्ती मला कढत पाण्याने न्हायला लावायच्या आणि सुंठ घालून दूध द्यायच्या, आतल्या आगीवर आणखी जाळ. बातमी संकेश्वरला एका लग्नात जाऊन पोचली, तिथून निपाणीला माझ्या माहेरी. आईचा फोन आला. तिनेही काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "जड उचलू नको, बाई." आणि गप्प राहिली. त्या गप्प राहण्यात मी किती वर्षं वाट बघितलीय ते सगळं होतं. मी बरं म्हणून फोन ठेवला.

खरं सांगायचं तर एखाद्या दुपारी, ग्रंथालयात कुणी नसताना, मलाही वाटायचं. रिपोर्ट मला वाचता येतात. तरी एकदा टेबलाखाली पोटावर हात ठेवून मी अगदी हळू म्हटलं, "आप्पा?" आणि मग उठून विनाकारण भूगोलाची सगळी पुस्तकं पुन्हा लावली.

आत्तींच्या मागावरचं डोहाळजेवणाचं हिरवं लुगडं पूर्ण होत आलं तसा माझा धीर सुटला. लुगडं नेसून मी काय करणार होते? एका रविवारी दुपारी नवरा बाहेर गेला होता. आत्ती मागावर होत्या. मी मनाशी ठरवलं की हीच वेळ. गल्लीतले सगळे माग चालू आहेत, त्या आवाजात आत्तींच्या कानाशी काहीही बोललं तरी तिसऱ्याला कळायचं नाही. बाहेर जगात लोक खासगी बोलायला शांत जागा शोधतात. आमच्याकडे उलटं.

मी जवळ जाऊन म्हटलं, "आत्ती, मला काही सांगायचंय."

"काय?"

"सांगायचंय!"

"बस की मग! उभी ऱ्हाऊ नको अशी!"

"मला दिवस गेलेले नाहीत!"

त्यांनी कानावर हात धरला. "भूक लागलीय?"

"नाही! दिवस! पाळी! पाळी गेलीय माझी!"

"ते ठाव हाय गं मला!" आत्ती हसून ओरडल्या. "कवापासनं ठाव हाय!"

मी उभ्या आयुष्यात ओरडले नव्हते तेवढी ओरडले. "तशी नाही गेली! कायमची गेलीय! आता मूल होणार नाही मला, आत्ती, माझ्या पोटात—"

आणि वीज गेली. गल्लीतले सगळे माग एका दमात थांबले.

"—कुणीही नाही!" माझा आवाज एकटाच गल्लीभर गेला.

एवढी शांतता आमच्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती. कुठेतरी नळ ठिबकत होता. मग समोरच्या घरातून म्हातारीचा आवाज आला, फारच सभ्य, "करंट गेला व्हय गं?"

"व्हय वाटतं," आक्का तिच्या घरातून म्हणाली.

"सगळीकडंच गेलाय का?"

"सगळीकडंच गेला असंल."



आत्ती मागावर तशाच बसून होत्या, एक हात हिरव्या कापडावर. मला वाटलं आता त्या भिंतीकडे बघायला लागतील आणि या वेळी वळणारच नाहीत. मी दवाखाना, रिपोर्ट, अंडाशय, सगळं भराभर सांगितलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मग हे कुठं गेलं?" आप्पांच्या मागाकडे बघत त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही, आत्ती."

"एवढी पुस्तकं वाचतीस तू."

"त्यात नाही लिहिलेलं."

त्यांनी मान हलवली. ग्रंथालयाची ही उणीव त्यांनी समजून घेतल्यासारखी. मग म्हणाल्या, "म्हंजे गेलंच म्हणायचं."

"हो."

मग आत्ती रडल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि जन्मभर मागाच्या आवाजात रडण्याची सवय असलेल्या बाईसारख्या, गळा फोडून. मीही त्यांच्या पायाशी बसून रडले. आधी आप्पांसाठी. मग आणखी एका कुणासाठी, जे कधी आलंच नव्हतं आणि ज्याचं सुतक धरायची कुठे रीत नाही.

त्या रडण्यातच मला वाफ आली. कानशिलं पेटली, पाठीवर घाम धावला. आत्तींनी डोळे पुसता पुसता माझ्याकडे बघितलं.

"आणि हे काय आता?"

"हे तेच. पाळी गेल्यावर होतं ते."

"अगं बया! मलाबी झालतं की, पन्नाशीला! मला वाटायचं चुलीची धग लागतीय." त्या पुन्हा रडायला लागल्या, पण आता रागावून. "आणि मी तुला कढत पाण्यानं न्हायला लावत होते! सुंठ घालत होते! एवढी शिकलीस, एक शब्द बोलाया येत न्हवता व्हय?"

मला हसू आलं, ते हुंदक्यात अडकलं. आत्तींनी बाजूच्या ढिगातलं लुगड्याच्या खोक्याचं झाकण ओढलं आणि मला वारा घालायला लागल्या. रडणं त्यांनी थांबवलं नाही. एका हाताने पदर डोळ्यांना लावत होत्या, दुसऱ्या हाताने झाकण हलवत होत्या, आणि हुंदका जरा बसला की मला विचारत होत्या, "निवतंय का गं? आता? आता?"