टेबलावरचा अकोलेकर

ऑनलाइन पोकरसाठी साइट निवडताना नवशिक्याने काय पाहावे, याचा मी जेवढा अभ्यास केला, तेवढा सुरतेतल्या मराठी माध्यमाच्या दुसऱ्या कुठल्या निवृत्त गणित शिक्षिकेने केला असेल असे मला वाटत नाही. मला स्वतःला पत्त्यांची मुळीच आवड नाही. आवड आमच्या ह्यांना. त्यांचा जन्म अकोल्याजवळच्या एका खेड्यातला, नोकरी सगळी इथल्या डाइंग मिलमध्ये, आणि डिंडोलीत आमच्या सोसायटीच्या पायऱ्यांवर संध्याकाळी जमणारी विदर्भाकडची चौकडी हाच त्यांचा मुलूख. निवृत्तीनंतर ती चौकडी मोडली. एक जण मुलाकडे पुण्याला गेला, एकाने गावी घर बांधले, एक वारला. हे मात्र संध्याकाळ झाली की पायरीवर जाऊन एकटेच पत्ते पिसत बसत. वाटायला समोर कोणी नसे.

"पप्पा, मोबाइलवर पोकर शिका ने," आमची मुलगी म्हणाली. तिचे सासर सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात, त्यामुळे तिच्या मराठीला आता गुजराती शेपूट फुटले आहे. "घरबसल्या माणसं मिळतील."

"म्हणजे जुगार?" मी विचारले.

"पैसे न लावतापण खेळता येतं, मम्मी. तू आधी तपासून घे. तुला नाहीतरी तपासल्याशिवाय घास जात नाही."

टोमणा होता, पण मी तो काम म्हणून स्वीकारला. कोणतेही नवे पाठ्यपुस्तक मी नेहमी शेवटच्या पानाकडून पाहत आले, कारण पहिली पाने सगळ्यांचीच सुबक असतात. साइट्सच्या बाबतीतही मी तेच केले. पहिलीने राज्य विचारले आणि यादीत गुजरात नव्हतेच. आता पैशांचे असले खेळ देशभर बंद झाले आहेत. तेव्हा आमच्यासारख्या काही राज्यांपुरतीच अडचण होती. ती वाचूनच मी दचकले. म्हणजे आपण राहतो तिथे ही गोष्ट इतकी वर्ज्य आहे, आणि ती दाखवणारी जाहिरात मात्र आपल्याच मोबाइलवर बिनदिक्कत येते! दुसऱ्या साइटवर आत शिरायला एक बटण पुरत होते. खाते बंद करायचे झाले तर अर्ज, ओळखपत्र आणि प्रतीक्षा. ज्या घराला मागचे दार नाही त्यात पाहुणा म्हणून जाऊ नये, एवढे तर कोणालाही कळते. मी तीही बाद केली.

शेवटी एक सापडली. नुसती सरावाची नाणी, बँकेचा संबंध नाही, वेळेची मर्यादा आपणच घालायची, एका बटणात खाते बंद. मी ती ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांनी त्यातले काही वाचले नाही. नाव घातले, 'आपका शहर' या रकान्यात सवयीने मूळ गावचा जिल्हा म्हणून अकोला लिहिले आणि टेबलावर जाऊन बसले. पोकरमध्ये हातात दोन पाने, मध्ये पाच सामाईक, एवढे समजावून मी स्वयंपाकघरात गेले असेन, तोच हाक आली.

"अवं, इकडं ये! हा तं आपल्या अकोल्याचा निंघाला!"

समोरच्या खेळाडूच्या चित्रात भरघोस मिशा होत्या, डोळ्यांवर गॉगल, मागे आंब्याचे झाड. चित्राखाली 'अकोला'. "मास्तरीणबाई, तुमची साइट पास," हे म्हणाले.

त्या दिवसापासून घरात एक माणूस वाढला. जेवताना त्याचा विषय. तो कधी धाडसाने खेळतो, कधी पाने टाकून देतो, हरला तरी 'बढ़िया' लिहितो.

"सज्जन माणूस आहे. कवाबी पाह्य, हजर!"

"त्याला घरदार नाही का?"

"रिटायर असन माह्यासारखा."

"अकोल्यात कोणत्या भागात राहतो, विचारलंत?"

"विचारलं ना. 'बढ़िया' म्हणते."

"या नावाचा भाग आहे अकोल्यात?"

"चेष्टा नोको करू," हे म्हणाले, पण हसले. पुष्कळ महिन्यांनी हसले होते, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

मग अमरावतीचे लग्न निघाले. आमची गाडी अकोल्यावरूनच जाते. हे खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "मी त्याले सांगून देल्लं. टेशनावर येतो म्हणे. घारीचा एक डबा जास्तीचा घेजो."

"नक्की काय म्हणाला?"

"'ज़रूर, मिलते हैं.' अजून काय म्हणाव माणसानं?"

घारी ही आमची सुरती मिठाई म्हणजे नुसते तूप आणि साखर. आमच्या वयाच्या माणसाला ती द्यायची तर गोड चालते का, हे आधी विचारलेले बरे. ह्यांना सांगितले तर भिडेपोटी विचारणार नाहीत. म्हणून त्यालाच गाठून विचारायला मी माझ्या मोबाइलवर वेगळे खाते उघडले. शहराच्या रकान्यात मीही माहेरच लिहिले: बारडोली. माझे वडील खानदेशातून तिथल्या साखर कारखान्यात आले आणि आम्ही भावंडे उसाच्या वासात वाढलो. टेबल उघडले.

भरघोस मिशा, गॉगल, आंब्याचे झाड. चित्राखाली 'बारडोली'.

'नमस्ते!' त्याने लिहिले, आणि काही कळायच्या आत माझ्या बोटांनी उलट नमस्कार टाइप केला.

मी मोबाइल पालथा ठेवला. नजरचूक असेल म्हणून चष्मा पुसला. मग शाळेत जे शिकवत आले तेच केले: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे. शहर बदलून नवापूर केले. मिशा नवापूरच्या झाल्या. भुसावळ केले, भुसावळच्या. मी गोड चालते का विचारले. 'बढ़िया!' उत्तर आले. तोवर न उघडलेले 'मदत' नावाचे पान मी आता उघडले. तिथे एक सरळ वाक्य होते: टेबल रिकामे वाटू नये म्हणून काही जागी संगणकीय खेळाडू बसवले जातात. इतक्या कसोट्या लावल्या मी, आणि समोर कोण बसणार हे पाहायचेच राहिले.

न सांगावे असा विचार मनात आला नाही, असे नाही. पण गाडी अकोल्याला थांबणार होती आणि हे डबा घेऊन उतरणार होते. मी दुपारच्या चहाबरोबर सांगितले.

"बदली झाली असन त्याची," हे म्हणाले.

"एकाच दुपारी तीन गावांना?"

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी बराच विचार करून रकान्यात आपल्या खेड्याचे नाव लिहिले. ज्या गावात पोस्टाची पेटीसुद्धा नाही, जिथल्या प्रत्येक घराचे आडनाव त्यांना पाठ आहे, ते नाव. टेबल उघडले. मिशांच्या खाली ते गाव. शेजारी चष्मा घातलेली एक बाई, ती त्याच गावची. पलीकडे टोपी घातलेला कोणी, तोही.

"हे कोन?" हे पुटपुटले. "हे घर कोनाचं?"

'नमस्ते!' मिशांनी लिहिले.

मला वाटले होते हे साइटवर चिडतील. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. "तुले कोनं सांगतलं होतं तपासाले?"

मी थक्क झाले होते. आयुष्यभर मी असे समजत आले की सिद्धता फळ्यावर मांडली की समोरचा तुमच्या बाजूला येतो. हे उठून पायऱ्यांवर गेले. चहा तसाच राहिला. प्रवासापर्यंत आमच्यात त्या विषयावर एक शब्द झाला नाही, आणि त्यांनी मोबाइलवर पत्ते उघडलेलेही मला दिसले नाहीत. मी मनातल्या मनात विषय संपल्याची खूण केली.

सकाळी अकोला आले. गाडी थांबायच्या आधीच हे दाराशी गेले.

"पाणी आणतो."

दोन भरलेल्या बाटल्या माझ्या पायाशी होत्या. मी खिडकीतून पाहत राहिले. हे पाण्याच्या नळाकडे गेले नाहीत. घड्याळाच्या खांबाखाली उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे पाहू लागले, एकेक, शांतपणे. मिशा असलेला एक हमाल गेला, त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. ज्या माणसाने आपल्या डोळ्यांनी ती तीन खोटी माणसे आपल्या गावात बसलेली पाहिली, तो माणूस! मला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारू ते सुचेना.

गाडीने शिटी दिली तेव्हा हे आत आले. हात रिकामे.

"आलं होतं का कोणी?" मी विचारले, आणि माझाच आवाज ऐकून मी दचकले. मी खरेच विचारत होते.

हे खिडकीबाहेर पाहत बसले. गाडी हलली.

"गर्दी लय होती," ते म्हणाले. "नीट पाहता नाही आलं."