कुडाच्या वाडीचा शेवटचा वाघ

बदलापूरच्या मागच्या डोंगरात कुडाची वाडी ही बावीस घरांची वस्ती होती. ती पुरात गेली नाही की रोगराईनं गेली नाही. मोरिवलीच्या कारखान्यांत पगारी कामं निघाली आणि एकेक घर खाली उतरलं, एवढंच. नव्वद साली तिथं वाडीच्या देवाची पूजा करणारा सुकऱ्या एकटा उरला. त्याची बायको जिजासुद्धा शिमगा होताच मांजर्लीला धुणीभांडी करायला गेली. जाताना म्हणाली, "तुमी दिसभर देवाकडं. मी काय भिंतींशी भांडू?"

सुकऱ्या महाहट्टी. दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस चुकली की वाडी मेली, हे त्याच्या डोक्यात पक्कं. त्या दिवशी एकानं वाघ व्हायचं. बाकीच्यांनी दरडावायचं, "वाडीत येशील?" वाघानं "नाय येणार" अशी शपथ घ्यायची, की त्याला शिवेपार पिटाळायचं. मग घरातलं माणूस आतून नाव घेऊन हाक मारतं, तेव्हा वाघाचा पुन्हा माणूस होतो. हाकेशिवाय परतायचं नाही.

वाघ शोधत तो मोरिवलीला पुतण्याकडे, पदूकडे गेला. पदू म्हणाला, "काका, दिवाळीचा ओव्हरटाईम हाय. सायबाला काय सांगू, वाघ व्हायला सुट्टी द्या?"

शेवटी सुकऱ्यानंच अंगावर राखेचे पट्टे ओढले. माणसाच्या जागी उभा राहून ओरडला, "येशील?" धावत वाघाच्या जागी जाऊन गुरगुरला, "नाय येणार!" आणि स्वतःच्याच पाठीत काठ्या हाणत स्वतःला शिवेपार हाकललं. रीत अगदी बिनचूक पार पडली.

दम खायला बसल्यावर त्याला उमगलं, की हाक मारायला आत कुणीच नाही. स्वतः मारावी तर आत जायचं कसं? शपथ मोडायची त्याची छाती नव्हती. दुपारपर्यंत तो आपल्या घराच्या कौलांकडे बघत बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मग पट्ट्यांसकट मांजर्लीला आला. मागून गल्लीतली सगळी कुत्री. जिजा खोलीच्या दारात भांडी घासत होती.

"वाडीत चल आन् हाक मार," तो काकुळतीला आला.

"हाक घरातून मारत्यात ना? माजं घर आता हितं हाय."

जिजानं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तिनं हात पुसले, आत गेली, पदर तोंडाशी धरला.

"सुकऱ्या, घरात ये!"

तो उंबऱ्याबाहेर बराच वेळ घुटमळला. मग आत गेला. वाडीत मात्र पुन्हा कधी फिरकला नाही. शपथ घेतली होती ना.