कपाचा तळ

१९८१ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो, आणि पाहुण्यांच्या उष्ट्या कपात वाकून बघणारी बाई मी तोवर बघितली नव्हती.

माझ्या धाकट्या मुलीला बघायला लोक आले होते. कॉफी पिऊन ते उठले, चपला घातल्या, अंगणातून बाहेर पडले. त्यांची पाठ वळते न वळते तोच शेजारची वैनी स्वयंपाकघरातून ओटीवर आली. एकेक कप उचलायची, उजेडाकडे तिरका करायची, आत डोकावायची आणि खाली ठेवायची. सगळे कप बघून झाल्यावर माझ्या बायकोला म्हणाली, "जमलं गो. तळ दिसतोय."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. चार दिवसांनी होकार आला.

वैनीचं नाव मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. तिला ते आवडलं नसतं. तिचा नवरा माझ्याहून लहान, मुंबईला गोदीत होता, तिकडेच वारला. मागे ही आणि एक मुलगी. तिच्या आणि माझ्या घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा आहे. तो मी बांधला. मी गवंडी माणूस, शाळा तिसरीपर्यंत, पण तो गडगा अजून एकाही पावसाळ्याने हललेला नाही. त्यात एक चिरा मी मुद्दाम बाहेर काढून ठेवलाय, पाय ठेवून पलीकडे जाता यावं म्हणून. त्या चिऱ्यावरून दोन घरांतलं कालवण, भाकरी, बातम्या सगळं इकडचं तिकडे व्हायचं.

आता तुम्ही म्हणाल, कॉफीचं काय एवढं? आमच्या बाजूला चहा रोजचा. कॉफी म्हणजे उपास, आजारपण किंवा मुलगी बघायला आलेले पाहुणे. दुकानातून कॉफीच्या वड्या आणायच्या, पाण्यात उकळायच्या, दूध साखर घालायची. आणि जायफळ. ते वैनीच्या हातचं. सहाणेवर दुधाचे थेंब टाकून ती जायफळ उगाळायची, उगाळून झालं की बोट नाकाशी न्यायची आणि डोळे मिटायची. मग ते गंध कॉफीत. वाडीत कुठेही मुलगी दाखवायची असली की आदल्या दिवशी निरोप यायचा, "वैनीला पाठवा." ती आपली सहाण पदराखाली घेऊन जायची.

कॉफी बाहेर गेली की दाराआडून तिचं एक वाक्य ठरलेलं. "गरम आहे तोवर घ्या ओ. निवली की ती कॉफी नाय नि तुम्ही पावणे नाय!" पाहुणे हसायचे. कोणी बशीत ओतून फुंकर मारायचा, कोणी कपालाच तोंड लावायचा, कोणी मिशी वर धरून प्यायचा. ती आतून फटीतून बघत असायची.

एकदा जायफळ जरा जास्त झालं. मुलाचा मामा मोठा खवट होता, आल्यापासून खुसपटं काढत होता. मुलगी ठेंगणी, घर लांब, रस्ता खराब. त्याने दोन कप मागून घेतले आणि खांबाला टेकला तो घोरायलाच लागला. बोलणी सुरू झाली, मिटली, मामा जागा झाला तेव्हा सुपारी फुटलेली होती. वाडीतले लोक वैनीला विचारायचे, "मुद्दाम केलंस ना?" ती म्हणायची, "देवाची शपथ घ्यायला लावू नका."

पण मी कपाबद्दल सांगत होतो. मी एकदा तिला सरळ विचारलं, "वैनी, त्या कपात तुम्हाला दिसतं काय?"

"भावजी, माणूस तोंडाने काय वाट्टेल ते बोलेल. कळवतो म्हणेल, पत्रिका बघतो म्हणेल. पण ज्या घरची मुलगी नको, त्या घरचं गोड शेवटपर्यंत गळ्याखाली उतरत नाय. घोटभर राहतंच."

"आणि पोट भरलेलं असलं तर?"

"तुम्ही चिरे रचा," ती म्हणाली. "कप माझ्यावर सोडा."

मी हसायचो. पण तिचं खरं व्हायचं, ते नाकारत नाही.

मग तिची स्वतःची मुलगी लग्नाची झाली. उंच, काळीसावळी, दहावी झालेली. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला जायची. हसली की घर हलायचं. बाप नाही म्हणून वडीलधारा म्हणून ओटीवर मी बसायचो, त्यामुळे सगळे पाहुणे मी बघितलेत. ते यायचे, खायचे, मुलीला नाव आणि शिक्षण विचारायचे, आणि कपात घोटभर ठेवून जायचे. वैनी उरलेली कॉफी परसातल्या माडाच्या मुळात ओतायची. मुलगी म्हणायची, "आई, बस कर. त्या माडाला आता झोप लागेल." दोघी हसायच्या. पहिल्या काही वेळा हसायच्या, असं म्हणतो.

त्यात कॉफीही बदलत चालली. मुंबईहून येणारे लोक वड्यांची कॉफी बघून नाक मुरडायला लागले. बाटलीतली पूड आली. ती साखरेबरोबर थेंब थेंब पाणी घालून चमच्याने फेटायची, पांढरी होईपर्यंत, आणि वरून दूध ओतायचं की फेस येतो. मुलीने कारखान्यातल्या मैत्रिणींकडून ते शिकून घेतलं. पहिल्यांदा केली तेव्हा वैनीने कपात बघितलं आणि म्हणाली, "हे काय गो? दाढी करायचीय कोणाची?"

"आई, आता सगळे अशीच पितात."

"पिवोत. फेस तळाला चिकटून बसतो. तळ कसा दिसायचा?"

एका घरी मुलाची बहीण म्हणाली, "जायफळाचा वास मला सहन होत नाही." वैनी त्या दिवशी दाराआडून काही बोलली नाही.

नकाराचं दुःख होतंच. पण तिला जास्त लागायचं ते वेगळंच. नकार येईपर्यंत पंधरा पंधरा दिवस जायचे, तोवर वाडीतली प्रत्येक बाई विहिरीवर विचारायची, "काय कळलं काय?" आणि नकार आला की तो आधी विहिरीवर कळायचा, मग तिच्या घरी. एकदा गडग्यापाशी ती मला म्हणाली, "भावजी, एकदा तरी आपण आधी नाय म्हणायला पायजे. एकदाच." मी मान हलवली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

१९८६ साली, आंबे संपता संपता, खेडच्या बाजूचं स्थळ आलं. मुलगा वीज खात्यात लाईनवर होता. बाप, आई, मुलगा आणि आमच्याच वाडीतला मध्यस्थ. बाप अंगाने दांडगा, हातात छत्री, तोंडातून शब्द निघायचा नाही. मुलाने मात्र मुलीला सरळ विचारलं, "एवढ्या लांब कामाला चालत जाता?" ती म्हणाली, "तुम्ही खांबावर चढता, त्यापेक्षा बरं." मुलगा हसला. मी इतकी स्थळं बघितली, पण त्या ओटीवर मुलाला तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं.

वैनीने त्या दिवशी बाटलीला हात लावू दिला नव्हता. वड्यांची, जायफळाची, दाट. साखरही नेहमीपेक्षा चढी. मुलाने कप चाटूनपुसून रिकामा केला. त्याच्या आईनेही. बापाने कप उचलला, एक घोट घेतला, थांबला, बायकोकडे बघितलं. बायकोने डोळे मोठे केले. त्याने आणखी दोन घोट घेतले आणि अर्धा कप खाली ठेवला. "कळवतो," एवढंच म्हणाला.

ते पाखाडीच्या पायऱ्या उतरून एस्टीच्या थांब्याकडे गेले. वैनी ओटीवर आली. मुलाच्या कपाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बापाचा कप हातात घेऊन उभी राहिली.

"वैनी," मी म्हटलं, "मुलाच्या कपाचा तळ बघा की."

"संसार मुलगा करील, पण होकार बाप देतो." तिने कप माझ्यासमोर धरला. "घोटभर नाय भावजी, अर्धा कप ठेवला. अर्धा! एवढा अपमान कोणी केला नव्हता."

"पत्र येऊ दे. चार दिवस थांबा."

"चार दिवस विहिरीवर उत्तरं तुम्ही देणार काय?"

मुलगी आतून आली. दाखवायची साडी अजून अंगावर होती. "आई, थांब ना गो," ती म्हणाली. एवढंच. तिने काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

वैनी पायात चपलाही न घालता निघाली. मी काठी घेऊन मागोमाग, पण पाखाडीवर तिला गाठणं मला जमलं नाही. मी थांब्यापाशी पोचलो तेव्हा गाडी येऊन उभी होती, आणि वैनी मध्यस्थाला सांगत होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमच्या मुलीला मुलगा पसंत नाय. तुम्ही कळवायचे कष्ट घेऊ नका."

मुलाने खाली बघितलं. बापाने छत्री काखेत धरली, दोन्ही हात जोडले, "बरं," म्हणाला आणि गाडीत चढला.

परत येताना वैनी माझ्या पुढे चालत होती, मान ताठ ठेवून. विहिरीवर बायका होत्या. तिने त्यांना स्वतःहून सांगितलं, "आम्ही नाय म्हटलं." घरी आलो तर मुलगी कप विसळत होती. साडी बदललेली होती.

गणपती झाल्यावर मध्यस्थ माझ्याकडे आला. इतके दिवस तो वैनीच्या दारात फिरकला नव्हता. पायरीवर बसला आणि म्हणाला, "तुमच्या वैनीने हातचं घालवलं. त्या माणसाला साखरेचा आजार. डॉक्टरने गोडाचा कण बंद केलेला. त्याची बायको त्याला गाडीत चढल्यापासून बोलत होती, कशाला प्यायलात म्हणून. तो म्हणाला, मुलगी मनात भरली होती, पहिल्या दिवशी तिच्या घरच्या कपाला नाय कसं म्हणायचं? दोन घोट तरी घेतले पायजेत ना?"

"मग?"

"मग काय? मी बरोबर होतो, गाडीत बसल्यावर बोलला हे. मुलाचं ठरलं दुसरीकडे. दिवाळीनंतर लग्न."

मी मान वर केली तर गडग्याच्या पलीकडे वैनी उभी होती. दोरीवरचे कपडे काढत होती. हातात तिच्या मुलीचा कामावर जायचा झगा तसाच राहिला होता. तिने सगळं ऐकलं होतं. मला म्हणाली, "साखर मीच जास्त घातली होती, भावजी." आणि आत गेली.

मुलीला तिनेच सांगितलं त्या संध्याकाळी. भिंतीला कान लावायची मला सवय नाही, पण दोन घरांत अंतर ते किती. आवाज आलाच नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी डबा घेऊन कामावर गेली, आणि रोज जात राहिली. आईला एका शब्दाने बोलली नाही. ओरडली असती, भांडी आपटली असती तर त्या घरात काहीतरी उरलं असतं, असं माझं मत आहे. ते मी कोणी सांगितलं तरी बदलणार नाही.

त्यानंतर वैनीने कॉफी केली नाही. मुलगी दाखवायच्या घरचे निरोप यायचे, ती सांगायची, "माझ्या हाताला आता चव नाय." लोकांनी दोनदा विचारलं, मग विचारायचे थांबले. आणि खरं सांगायचं तर कोणाचं काही अडलं नाही. वाडीत बाटल्या आल्या होत्या. पाहुणे कपात अर्धी ठेवायला लागले, तीच आता रीत झाली, सगळं पिणारा हावरट दिसतो म्हणे. वैनीला हे कळत होतं. ओटीवर बसून ती लोकांना जाताना येताना बघायची. तिच्या मुलीला बघायला मग कोणी आलं नाही. "त्यांनी मागे एक चांगलं स्थळ नाकारलंय," असं बायका एकमेकींना सांगायच्या. विहिरीवर वैनीनेच सांगितलं होतं ना.

मुलगी कारखान्यातून येताना पूड घेऊन यायची, स्टीलच्या पेल्यात बिनसाखरेची काळी कॉफी करून दारात उभ्याने प्यायची. वैनी तिच्या पेल्याकडे बघायची नाही. तोंड वळवायची.

१९८९च्या थंडीत वैनी अंथरुणाला खिळली. माझी बायको तेव्हा मुंबईला मुलाकडे सुनेच्या बाळंतपणाला गेलेली. माझं जेवण गडग्यावरून यायचं, मुलीच्या हातून. वैनीला झोप लागायची नाही. मी बघायला गेलो होतो तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, दुधात जायफळ देऊ? झोप येईल."

"नको," वैनी म्हणाली. "त्याला हात लावू नको."

"मी काही बोललेय का तुला कधी?"

"नाय बोललीस," वैनी म्हणाली. "तेच."

त्याच आठवड्यात, दुपारच्या वेळी, ती गेली. वाडी जमली. संध्याकाळी सगळं उरकलं, माणसं पांगली. मुलगी ओटीवर खांबाला टेकून बसली होती.

मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्याने न्यायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकाहत्तर वर्षांच्या वयात पहिल्यांदा स्टोला पंप मारला. बायकोच्या डब्यात वैनीनेच कधीतरी दिलेलं अर्धं झिजलेलं जायफळ होतं. देवाची सहाण घेतली आणि उगाळलं. वड्या सापडल्या, जुन्या होत्या. साखर घालताना हात थांबला, मग घातली. गडगा आता चढवत नाही, म्हणून कप घेऊन रस्त्याने फिरून गेलो. मुलगी काल होती तिथेच बसली होती. तिने कप हातात घेतला, नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला.

"काका, तुम्ही केलीत?"

"मग कोण करणार? घे. गरम आहे तोवर घे."

ती प्यायली, किती ते मी बघितलं नाही, रस्त्याकडे बघत राहिलो. तिने कप पायरीवर ठेवला. मी तो उचलला, वरून तळहाताने झाकला, तसाच घरी आणला आणि आत न बघता मोरीत उपडा केला.